पानांना शेवटी कळतं

१

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा टाईप केलं, तीनदा पुसलं. कारण साधं आहे. या सगळ्या प्रकरणात एक वाक्य माझं आहे, पाच शब्दांचं, आणि ते गाळून गोष्ट सांगता येत नाही. गाळून पाहिलं. लंगडते.

तर आधी झाडं.

आमचे सर तबकात जंगलं उभी करतात. बोन्साय म्हटलं की लोकांना कुंडीतलं एक वाकडं झाड आठवतं. सरांचं काम त्याच्या पुढचं. दोन हात लांब, दोन बोटं खोल तबक. त्यात दगड, शेवाळ, आणि झाडांचा अख्खा घोळका. त्यांचं सगळ्यात गाजलेलं तबक म्हणजे ‘वळण’. करड्या दगडांच्या उतारावर नऊ ज्युनिपर आणि मधून बारीक वाळूची पायवाट. ती शेवटच्या झाडामागे वळते आणि दिसेनाशी होते. मुद्दाम खाली वाकून पाहिलं तरी पुढे काय आहे ते दिसत नाही. एकतीस वर्षांचं तबक. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठं.

सरांच्या गच्चीवर आम्ही दोघं शिकायला होतो. मला सर ‘पंडित’ म्हणायचे, कारण मी सगळं मोबाईलवर बघून शिकून आलो होतो आणि पहिल्याच दिवशी त्यांना चार गोष्टी सुनावल्या होत्या. माझा मित्र तो ‘झारी’. जेवताना सोडलं तर त्याच्या हातातली झारी सुटायची नाही. सर स्वतः डावखुरे. त्यांची कात्री खास डाव्या हाताची. आम्ही उचलली तर ती पान कापायची नाही, चावायची. ‘पानांचं ऐकू नका, मुळांना विचारा,’ हे त्यांचं पालुपद.

सरांनी ‘वळण’ शहरातल्या मोठ्या उद्यानाला द्यायचं ठरवलं. तिथे तबकांसाठी वेगळी काचेची खोली होणार होती आणि ती सांभाळायला एक माणूस, कायमचा. सरांनी झारीचं नाव सुचवलं. त्याने आहे ती नोकरी सोडली, घरी सांगून टाकलं. त्याच्या आईने शेजारपाजारी सांगून टाकलं.

त्याच सुमाराला सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे परगावी गेले. खरं तर ते उशीरच झालं होतं. चहा कपाच्या शेजारी ओतायचे, आणि आम्ही न पाहिल्यासारखं करायचो. जाताना ‘वळण’ त्यांनी झारीच्या हवाली केलं. सोळा दिवस. हीच तुझी परीक्षा, म्हणाले. सूचना तीन: सावलीत ठेव, खत घालू नकोस, आणि तबक हलवू नकोस.

सोळाव्या दिवशी सर परतले, काळा चष्मा लावून. बरोबर उद्यानाच्या अधिकारी बाई. गच्चीवर ‘वळण’ जागेवर होतं. नऊच्या नऊ झाडं वाळल्या गवताच्या रंगाची झाली होती. दोन दिवसांपूर्वी शेंडे पिवळट दिसले तेव्हा झारीने मला फोन केला होता. मी गेलो. आम्ही पाणी फवारलं, सावली वाढवली. काही उपयोग झाला नाही.

सरांनी एक फांदी बोटांत धरली. पानांचा भुगा झाला.

“पाणी,” एवढंच म्हणाले.

झारी म्हणाला, रोज घातलंय सर, सकाळ-संध्याकाळ. सर त्याच्याकडे वळलेच नाहीत. माझ्याकडे वळले.

“पंडित, तू येत-जात होतास. हा रोज पाणी घालायचा?”

बाई माझ्याकडे बघत होत्या. झारीही. आणि मी म्हणालो,

“रोजचं मी कसं सांगणार, सर?”

२

आठवड्याने उद्यानातून पत्र आलं. काचेच्या खोलीची नोकरी मला.

घरी पेढे नव्हते पण तोंडं तशीच गोड झाली. मी जेवलो. झोपलो. खोटं कशाला सांगू, झोप लागली.

झारी मामाच्या फोटो-फ्रेमच्या दुकानात काच कापायला लागला होता. माझे फोन घेत नव्हता.

सरांनी मला पहिलं काम सांगितलं: ‘वळण’मधली मेलेली झाडं काढून टाक, तबक धुऊन ठेव, त्यात नवं जंगल लावू. ते स्वतः खाली डोळ्यात थेंब घालून पडले होते. गच्चीवर मी एकटा. मनात आलं, चला, प्रेतं उचलायची पाळी माझी.

आणि तिथेच गाडी अडली. शेवाळावर.

शेवाळ हे आमच्यातलं सगळ्यात नखरेल. उन्हात एक दिवस पाणी चुकलं तर झाडाच्या आधी ते वाळतं. खत जास्त झालं तर झाडाच्या आधी ते काळं पडतं. इथे नऊ झाडं मेली होती आणि त्यांच्या पायाशी शेवाळ हिरवंगार, लुसलुशीत.

म्हणजे पाणी चुकलं नव्हतं. झारी खरं बोलत होता.

मग झाडं मेली कशाने? विषाने म्हणावं, तर शेवाळ कसं वाचलं?

मी चिमट्याने कड उचलली. एकतीस वर्षांचं शेवाळ मातीला असं धरून असतं की खरवडून काढावं लागतं. हे ठिगळासारखं अख्खं वर आलं. खालची माती खडीसारखी टोकदार, ताजी. सरांच्या वहीत नोंद होती की माती चार वर्षांपूर्वी बदलली. चार वर्षांत असल्या मातीचा चुरा होतो. मुळं काळी, आणि बोटांत धरली की साल मोज्यासारखी निघून यायची. जुन्या मातीचा एक कण चिकटलेला नव्हता. कुणीतरी मुळं अगदी निपटून धुतली होती.

कुणीतरी ‘वळण’ सोडलं होतं, झाडं उपसली होती, धुतली होती, पुन्हा लावली होती. आणि वर नवं शेवाळ पांघरलं होतं.

मनात पहिलं कोण आलं सांगू? झारी. त्यानेच काहीतरी घातलं असेल, घाबरला असेल, लपवलं असेल. असं वाटलं आणि मला हायसं वाटलं. म्हणजे बघा.

३

तरी दोन माणसं डोळ्यांसमोरून हलेनात.

एक, सरांचे जावई. याच घरात राहतात. त्यांना गच्चीवर व्यायामाची खोली बांधायची होती आणि सासऱ्यांची जंगलं आडवी येत होती. एकदा आमच्यासमोर म्हणाले होते, तुमच्या रानाला वणवा लागला की माझी खोली उभी राहील. हसत म्हणाले होते, पण म्हणाले होते.

दुसरे, दातांचे डॉक्टर. बोन्सायचं भयंकर वेड. ‘वळण’ त्यांनी दोनदा मागितलं होतं, सरांनी दोनदा नाही म्हटलं होतं. झारीच्या सहाव्या दिवशी ते गच्चीवर आले होते आणि झारी खाली चहा आणायला गेला तेव्हा दहा मिनिटं तबकापाशी एकटेच होते.

मी तबक चादरीत गुंडाळून सरळ डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. पेशंट नव्हता. म्हटलं चेहरा बघू. चेहरा पडला त्यांचा, पण चोराचा पडतो तसा नाही. कुणाची मयत बघितल्यासारखा. त्या दहा मिनिटांचं विचारलं तर म्हणाले, बघत बसलो होतो रे, दुसरं काय. माझं होणार नव्हतं, म्हणून डोळे भरून बघून घेतलं. मग म्हणाले, एक मात्र खटकलं होतं. तबक दर रविवारी पाव फेरी फिरवतात ना तुम्ही, सगळ्या बाजूंना ऊन मिळावं म्हणून? ते फिरवलेलं नव्हतं. मी त्या पोराला म्हटलं तर म्हणाला, सरांनी हलवू नकोस सांगितलंय.

सावलीत ठेव. खत नको. हलवू नकोस. वेगवेगळ्या ऐकल्या की तीन साध्या सूचना. एकत्र ऐकल्या की आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल, ही नुकत्याच नव्या मातीत लावलेल्या झाडाची पथ्यं आहेत.

डॉक्टरांनी तबक एका कडेवर तिरकं केलं. अशा उथळ तबकात झाडं नुसती उभी राहत नाहीत. तळाच्या भोकांतून तार ओवून मुळं बांधावी लागतात आणि तारेची टोकं खाली पिळावी लागतात. चार वर्षांची तार काळवंडते. ही चकाकत होती. डॉक्टरांनी दात बघायचं भिंग डोळ्यांवर ओढलं.

“तुझ्या मित्राचा हात कुठला?”

“उजवा.”

“तुझा?”

“उजवा.”

“माझाही. जावयांचा?”

मी त्यांना जेवताना शंभरदा पाहिलं होतं. उजवा.

“मग हे बघ. उजव्या हातात पकड धरली की पीळ असा जातो.” त्यांनी एक तुकडा पिळून दाखवला. “इथे चौदा पीळ आहेत. चौदाच्या चौदा उलटे.”

डॉक्टरांनी भिंग काढलं आणि ते उगाच पुसत बसले.

मी मोबाईल काढला. डोळ्यावर पट्टी असेल, मला त्रास देऊ नकोस, असं सरांनी बजावल्यामुळे झारी रोजचा फोटो मला पाठवायचा. रोज सकाळी सात वाजता, ओलं चकाकणारं शेवाळ, बाजूला झारीची चोच. पहिल्या दिवशीचा फोटो मोठा केला. दुसऱ्या आणि तिसऱ्या झाडाच्या मध्ये शेवाळाचा सांधा स्पष्ट दिसत होता.

म्हणजे तबक झारीच्या हातात आलं तेव्हाच ते उकललेलं होतं.

आणि हो. सोळा फोटो. सोळा दिवसांचं पाणी. सरांनी मला विचारलं तेव्हा ते माझ्या खिशात होते.

४

तरीही मी पळवाट शोधत होतो. सरांनी माती बदलली असेल, बरं. ते काही खून करायला नाही. मग मुळं काळी कशाने पडली?

जावई संध्याकाळी गाडी पुसत होते. मी तबकाचं बोलायला लागलो तर त्यांनी फडकं बॉनेटवर टाकलं. मला ठाऊक आहे, म्हणाले, सगळ्यांच्या मनात मीच आहे. खुद्द बायकोने विचारलं मला. खोली बांधायची तर मी महापालिकेत अर्ज करीन की झाडांना विष घालीन? शिवाय सासरेबुवांनी गेल्याच महिन्यात अर्धी गच्ची मला दिलीय. तबक उद्यानात जाणारच होतं. मी कशाला हात घाण करू?

पटलं. मी निघालो. तेवढ्यात ते स्वतःशीच हसले. म्हणाले, त्या पोराचं नाव झारी आणि तोच झारीतला शुक्राचार्य निघाला म्हणायचा. बाकी तुमच्या गच्चीने मला एका टाकीवाल्याशी भांडायला लावलं, ते वेगळंच.

काय झालं होतं, मी विचारलं.

एका रविवारी घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटला होता. जावयांना वाटलं पाण्याची टाकी खराब झाली. माणसं बोलावून टाकी धुऊन घेतली. टाकी स्वच्छच होती, वास तसाच. शेवटी कळलं की तो गच्चीवरून येतोय. मी म्हटलं, आमचं पेंडीचं खत असेल, त्याला वास येतोच. तर म्हणाले, अरे तो मला पाठ आहे, तो वेगळा, कुजका. हा सडक्या अंड्यांचा. विचारायला वर गेलो तर सासरेबुवा नळाखाली काहीतरी धूत होते, मला म्हणाले खाली जा. असे कधी बोलत नाहीत.

टाकीवाल्याची चिठ्ठी त्यांनी भांडणासाठी जपून ठेवली होती. तारीख बघितली. ‘वळण’ झारीच्या हवाली झालं त्याच्या अकरा दिवस आधीचा रविवार.

सडक्या अंड्यांचा वास आमच्याकडे एकाच गोष्टीला येतो. चुना-गंधकाचं पाणी. झाडाच्या वाळक्या लाकडाला पांढरं करायला ते ब्रशने लावतात. लाकडाला लावलं तर शोभा. मुळांना घातलं तर मरण. गच्चीवरच्या फळीवर त्याची बाटली पेंडीच्या खताच्या शेजारी असायची. दोन्ही बाटल्या सारख्या. एकातलं पिवळट तपकिरी, दुसऱ्यातलं तपकिरी पिवळट. दोन्हींना वास. ज्याला चहा कपात ओतता येत नाही त्याने त्या कशा ओळखायच्या?

आता फक्त एक गाठ उरली. रविवारी विष पडलं तर झाडं पंचवीस दिवस हिरवी कशी राहिली?

आणि हे मला मोबाईलने शिकवलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी सरांनी एक हिरवागार ज्युनिपर आमच्यापुढे ठेवला होता. जिवंत की मेलेला, विचारलं. आम्ही दोघंही म्हणालो जिवंत. त्यांनी मूळ काढून मोडलं. काडीसारखं कटकन तुटलं. महिना झाला याला मरून, म्हणाले. ज्युनिपर असाच. मुळं जातात, खोड जातं, आणि पानांना शेवटी कळतं.

सगळ्या गावाला फसवायला हा एक धडा पुरेसा होता. आणि तो फक्त तिघांना माहीत होता.

५

सर गच्चीवर होते. काळा चष्मा गेला होता. फळीवरच्या बाटल्या पुसत होते. चुना-गंधकाच्या बाटलीभोवती आता लाल चिकटपट्टीचे तीन वेढे होते.

“ही पट्टी कधी लावलीत, सर?”

त्यांनी वर पाहिलं. नव्या डोळ्याने माणूस फार स्वच्छ बघतो. मी तारेचे तुकडे त्यांच्यापुढे ठेवले, टाकीवाल्याच्या चिठ्ठीचा फोटो दाखवला. वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते पाटावर बसले आणि मला समजावून सांगायला लागले, एखादी फांदी कुठे छाटायची ते सांगावं तसं.

म्हणाले, पूर्ण झारी ओतून झाल्यावर कळलं. दिवसभर मुळं धूत होतो. वाचतील असं चार दिवस वाटत होतं. पाचव्या दिवशी एक मूळ मोडून पाहिलं.

“मग झारीला का दिलंत?”

“त्याचं वय काय? तेवीस. तेविसाव्या वर्षी मेलेलं झाड लोक विसरतात. माझ्या वयात तेवढंच लक्षात ठेवतात. एकतीस वर्षं, पंडित. आणि शेवटी काय म्हणणार, म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने मारलं?”

“त्याने नोकरी सोडली होती तुमच्या शब्दावर.”

“तू आहेस ना तिथे. जागा वाया गेली नाही.”

मी उठलो. जिन्यापाशी पोचलो तेव्हा ते म्हणाले, आवाज न चढवता,

“मी त्या दिवशी तुला उगाच विचारलं नव्हतं. तू हो म्हणाला असतास तर मी तिथेच थांबलो असतो. बहुतेक.”

मी जिना उतरलो. त्यांनी ज्याला फसवलं तो झारी. पण मला त्यांनी ओळखलं होतं. कुठल्या फांदीला किती वाकवलं तर मोडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

६

आज दुपारी फ्रेमच्या दुकानात गेलो. झारी काचेवर हिऱ्याचा कटर ओढत होता. एका ओढीत, सरळ. मामा जेवायला गेले होते. मी सगळं सांगितलं. शेवाळ, तार, वास, सर. तो काच कापत राहिला. कुठेच चमकला नाही.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“सर परतल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. ज्युनिपर चौदा दिवसांत सुकत नाही, एवढा धडा माझाही पाठ आहे.”

“मग बोलला का नाहीस?”

त्याने काच टेबलाच्या कडेवर ठेवली, दाबली, दोन तुकडे अलगद वेगळे केले.

“कुणाला बोलू? माझा साक्षीदार तू होतास.”

दुकानात चारी भिंतींवर रिकाम्या फ्रेमा लटकत होत्या. मी कुठेही बघितलं तरी चौकटीत काही नव्हतं.

झारी म्हणाला, सरांचं वाईट वाटतं, पण त्यांचं समजू शकतो. म्हातारा घाबरला. तू कशाला घाबरलास? मला ती नोकरी हवी होती, हे उत्तर आहे, पण ते तोंडातून निघायला वेळ लागला. निघालं शेवटी. त्याने मान हलवली, जणू माप बरोबर आलं.

मी म्हटलं, उद्या दहाला उद्यानात बाईंना भेटतो. तार दाखवतो, चिठ्ठी दाखवतो, डॉक्टर यायला तयार आहेत.

“आणि फोटो?”

“फोटोही.”

“बाई विचारतील, हे कुणाच्या मोबाईलमध्ये होते.”

“माझ्या.”

“कधीपासून?”

मी मोबाईल खिशात खोल सारला.

“सरांपासून सुरुवात केलीस ना,” तो म्हणाला, “तर ते गुन्हेगार, तू गुप्तहेर, आणि मी बिचारा. मला बिचारा व्हायचं नाही. तुला सांगायचंच असेल तर तुझं वाक्य आधी. सरांचं मागून.”

“नोकरी जाईल माझी.”

“जाईल,” झारी म्हणाला. मग पुढची काच उचलली आणि माझ्याकडे न बघता पट्टीचं दुसरं टोक माझ्यापुढे सरकवलं. धर, हलवू नकोस.

मी धरलं. त्याने रेघ ओढली.

“उद्या दहाला फाटकाशी ये,” मी म्हटलं. “तुझ्यासमोर सांगीन. आधी माझं.”

“शब्द?”

“शब्द.”